सोलापुरात भूमध्यसागरी बाग: लॉन नको, पाणी थोडं, पण अंगणात बसता आलं पाहिजे

शेवंती_जुळे

नमस्कार मंडळी.

जुळे सोलापुरात घर आहे. प्लॉट अडीच गुंठ्यांचा. बांधकाम सोडून पुढे पूर्वेला आणि मागे पश्चिमेला मिळून आठेकशे चौरस फूट जागा मोकळी. आजवर तिथे स्कूटर, जुना कूलर आणि एक कढीपत्ता एवढंच नांदत होतं. आता ती जागा नीट करायची ठरवली आहे. नर्सरीवाल्याने येऊन पाहिलं आणि नेहमीचा बेत सांगितला: कार्पेट लॉन, चार पाम, मधोमध कारंजं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, बोअर मार्चनंतर नुसती हवा ओढतो. लॉनला पाणी कुठून घालू, असं विचारलं तर म्हणे, "टँकर आहेत की, मॅडम."

मग सुनेने स्पेन, ग्रीस, दक्षिण फ्रान्सकडच्या बागांचे फोटो दाखवले. पांढऱ्या भिंती, खडी, मातीचे रांजण, जांभळं लॅव्हेंडर, वेलीच्या मांडवाखाली जेवणाचं टेबल. मला त्यातलं एक फार आवडलं: त्या बागांत माणसं बसलेली दिसतात, पाइप धरून उभी दिसत नाहीत.

तर असली बाग सोलापुरात जमेल का? लॅव्हेंडर, रोझमेरी, ऑलिव्ह टिकतील का? खडी मे महिन्यात तव्यासारखी तापणार नाही का? जाणकारांनी सांगावं. फरशीचं काम पावसाआधी उरकायचा विचार आहे.

कडकभाकरी

सोलापुरात लॅव्हेंडर! शेंगा घेऊन बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

ॲडलेडवासी

शेवंतीताई, मूळचा नवी पेठेतला, बरीच वर्षं ॲडलेडला आहे. हे शहर नेमकं याच हवामानाचं, म्हणून लिहितो. भूमध्य समुद्राचा काठ सोडला तर असं हवामान जगात आणखी चारच ठिकाणी आहे: कॅलिफोर्निया, मध्य चिली, केपटाऊनचा परिसर आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण-नैर्ऋत्य कोपरा.

गंमत म्हणजे इथला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि सोलापूर जिल्ह्याची सरासरीही तेवढीच सांगतात. पाणी सारखंच, वेळ उलटी. इथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे थंडीही कोरडी, उन्हाळाही कोरडा, आणि पडेल तो पाऊस जून ते ऑक्टोबरात, त्यातही खरा जोर सप्टेंबरचा. तेव्हा माती ओली आणि ऊबदारही.

लॅव्हेंडरला हेच सोसत नाही. गारव्यात ओल मिळाली तर ते वाढतं आणि उन्हाळ्यात गप्प बसून राहतं. त्याने आपल्या मे महिन्याच्या झळा कशाबशा काढल्याच, तरी सप्टेंबरात काळ्या मातीत त्याची मुळं कुजतील. रोझमेरी जरा चिवट. मातीच्या कुंडीत, निचऱ्याच्या मिश्रणात, पावसात पागोळीच्या आत सरकवून ठेवली तर जगते.

ऑलिव्हचं म्हणाल तर झाड जगेल, पण मोहोर धरायला त्याला कडक थंडी लागते आणि सोलापूरची थंडी तेवढी नाही. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड केली आहे, पण बिकानेरकडची थंडी वेगळी. नुसतं शोभेला लावणार असाल तर त्याच जागी दुसरी पुष्कळ झाडं आहेत.

माझं मत विचाराल तर त्या लोकांची पद्धत घ्या आणि झाडांची यादी तिथेच ठेवा. पद्धत अशी: जे झाड आपल्या पावसाच्या वेळापत्रकात बसतं तेच लावायचं, पावसाच्या तोंडावर लावायचं, पहिली दोन वर्षं सांभाळायचं, मग ज्याचं त्याने बघायचं. इकडे लागवड शरद ऋतूत करतात, कारण पुढे पाऊस असतो. तुम्ही ती मृगात करा.

पानफूल

+१. लॅव्हेंडरबद्दल शंभर टक्के अनुमोदन. थंडीत नर्सरीत फुललेलं दिसतं, लोक भुलून घेतात, आणि पुढच्या दिवाळीला कुंडी रिकामी.

पण ताई, नाराज होऊ नका. त्या फोटोतली निम्मी झाडं तुमच्या जिल्ह्यात आधीपासून आहेत. डाळिंब! राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या शहरालगत केगावला, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन, आणि तिकडे स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या चिन्हातसुद्धा डाळिंबच. अंजीर तिकडचं, द्राक्ष तिकडचं, कण्हेर तिकडेही रस्त्याकडेला फुलते आणि आपल्याकडे हायवेच्या दुभाजकावर. सविस्तर यादी रात्री देते, आत्ता स्वयंपाक आहे.

भुईकोट

मी बागांची आखणी करतो, त्यामुळे झाडांच्या आधीचं लिहितो. लोक झाडांपासून सुरुवात करतात आणि शेवटी खुर्ची ठेवायला जागा उरत नाही.

बसायचं कधी, हे आधी ठरवा. सोलापुरात मार्च ते मे दुपारी बाहेर बसायचा प्रश्नच येत नाही, कितीही सुंदर मांडव घाला. बसण्याच्या खऱ्या वेळा दोन: उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी व रात्री. उन्हाळ्याची बैठक पूर्वेला ठेवा. दुपारी बारानंतर तिथे घराचीच सावली पडते आणि संध्याकाळपर्यंत फरशी निवते. पश्चिमेला बैठक केलीत तर रात्री नऊपर्यंत भिंत आणि जमीन दोन्ही वाफा टाकत राहतील. पश्चिमेची बाजू झाडांना द्या, आणि त्या झाडांनी भिंत झाकू द्या.

दुसरी गोष्ट सूर्याची. ते फोटो साधारण ३६ ते ४३ अंश अक्षांशांवरचे आहेत, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. सोलापूर १७.७ अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर, आणि तिथून जुलै संपेपर्यंत तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तुमची उत्तरेची भिंतसुद्धा उन्हाळ्याच्या शेवटी तापते, ग्रीसमधल्या घराला हा त्रास नाही. आणि अंतर सोडून लावलेल्या लाकडी पट्ट्यांचा तो देखणा परगोला? सरळ वरून येणारं ऊन त्या फटींतून सरळ खाली येतं. वर दाट वेल हवा, नाहीतर वेल भरेपर्यंत दोन वर्षं शेडनेट.

भिंतींना पांढराशुभ्र रंग देऊ नका. दुपारी खिडकीतून बघवणार नाही इतकी चकाकी येते. चुन्यात थोडी पिवळी माती किंवा गेरू मिसळून द्या, डोळ्यांना निवांत वाटतं. फरशीला शहाबादी उत्तम, कलबुर्गीकडून येते, जवळची आणि स्वस्त. मात्र बाहेर घालताना पॉलिश करून घेऊ नका, पहिल्याच पावसात कुणीतरी घसरेल.

आणि महत्त्वाचं, काळी माती सगळी काढून मुरूम भरून घ्या.

बांधावरून

भुईकोटसाहेब, बाकी सगळं पटलं, पण शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला.

ताई, काळी माती काढायचा नाद करू नका. आपला जिल्हा रब्बीचा आहे. मालदांडी ज्वारी मोहोळची, मंगळवेढ्याची ज्वारी सगळीकडे नावाजलेली. ती पेरतात कधी? सप्टेंबर-ऑक्टोबरात. मग पाऊस संपतो आणि ज्वारी पुढचे तीन-चार महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर निघते. ही ओल कोण धरून ठेवतं? काळी माती. तुम्हाला कमी पाण्याची बाग करायची आणि पाणी धरणारी जमीन टेम्पोत भरून फेकायची, हा कुठला हिशेब? सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३३ पासून संशोधन चालू आहे, आणि त्या सगळ्याचं सार हेच की पडलेला थेंब जमिनीत जिरवा आणि तिथेच ठेवा.

आमच्यात म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. थंडीत जमीन भेगाळायला लागली की वरचा दोन बोटं थर खुरप्याने मोकळा करून भेगा बुजवायच्या. खालची ओल वर येऊन उडून जात नाही. बागेतही हेच करा, फुकट आहे.

भुईकोट

मान्य, मी सरसकट लिहायला नको होतं. फरशीखालची काळी माती मात्र काढावीच लागेल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर थेट घातलेली फरशी दोन वर्षांत वरखाली होते. तिथे किमान फूटभर खोदून मुरूम, पाणी मारून धुम्मसाने ठोकून घ्यायचं, मग फरशी. झाडांच्या जागी काळी राहू दे.

बांधावरून

आता जमलं. आणि ज्या झाडांना निचरा लागतो त्यांच्यासाठी मुरूम, काळी आणि शेणखत मिसळून फूट-दीड फूट उंच वरंबा करा. डाळिंब आम्ही तसंच लावतो. फरशीखालून निघालेली काळी माती त्यालाच वापरा, बाहेर जाऊ देऊ नका.

कडकभाकरी

म्हणजे सोलापूरचा शेतकरी आधीपासून भूमध्यसागरी होता तर. फक्त टेबल-खुर्ची नव्हती.

पाऊसपाणी

पाण्याचा हिशेब मांडतो, कारण शेवटी सगळं तिथेच येतं.

समजा ६०० चौरस फुटांचं लॉन केलंत, म्हणजे ५६ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे दिवसाला पाच-सहा लिटर लागतात. रोजचे ३०० लिटर झाले. त्याच जागेत पंचवीसेक झुडपं लावून प्रत्येकाला आठवड्यातून एकदा १२ लिटर खोलवर दिलंत तर आठवड्याचे ३०० लिटर. लॉनचं एका दिवसाचं पाणी या बागेला आठवडाभर पुरतं.

छताचं पाणी. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर. १,००० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. पाऊस हाताचा राखून ५०० मिमी धरा आणि वीस टक्के वाया गेला असं समजा, तरी वर्षाला ३७,००० लिटर उतरतं. पण सगळं साठवायच्या भानगडीत पडू नका, एवढी टाकी परवडत नाही. ५,००० लिटरची टाकी ६५-७० मिमी पावसातच भरते, पुढचं पाणी गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. आणि टाकीतलं मेपर्यंत पुरेल या भरवशावर राहू नका. ते पावसाने ओढ दिली की रोपं जगवायला. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पंधरा-वीस दिवस कोरडे जातातच.

अंघोळीचं पाणी बागेत सोडता येईल. भांड्यांचं आणि वॉशिंग मशीनचं नको, डिटर्जंटमधला सोडियम काळ्या मातीला घट्ट करतो. अंघोळीचं पाणी आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून आणि कर्दळीच्या वाफ्यातून काढा. आरओचं फेकलं जाणारं पाणी मात्र लोक मोठ्या कौतुकाने झाडांना घालतात, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. फरशी पुसायला वापरा.

ठिबक घालणार असाल तर एक सूचना. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचतं आणि एक झाड वाळलं की मग कळतं. आधी फिल्टर बसवा, नळीचं शेवटचं तोंड उघडून महिन्यातून एकदा पाणी सोडून द्या. आणि रोज दहा मिनिटं ठिबक चालवणं हे सगळ्यात वाईट. मुळं वरच्या वितीतच राहतात. आठवड्याने द्या, पण सावकाश आणि खोल.

निशिगंधा_पुणे

वाचनखूण साठवली. पुण्यात सोसायटीच्या बागेसाठी हेच लागू होईल का?

पाऊसपाणी

हिशेब तोच, आकडे तुमच्या पावसाचे घाला.

पानफूल

आले. यादी म्हणून देत नाही, कुठे काय ते सांगते.

पश्चिमेला, भिंतीपासून चांगलं लांब, एक करंज. गर्द सावली, चैत्राच्या आसपास पानं झडली तरी लगेच नवी पालवी, आणि दुष्काळाला दाद देत नाही. कडुनिंब मला प्राणप्रिय, पण अडीच गुंठ्यांत तो घराचा मालक होतो. बहावा एप्रिल-मेमध्ये अप्रतिम, मात्र फुलतो तेव्हा अंगावर पानं नसतात, म्हणून सावलीसाठी धरू नका.

करंजाच्या पुढे डाळिंबाची तीन-चार झाडं. फळांसाठी बाग करत नसाल तर भगवा वाणाचा अट्टहास नको, तेल्या रोग आणि फळ पोखरणारी अळी यांच्या मागे फवारणी करत बसाल. शोभेचं दुहेरी फुलांचं डाळिंब मिळतं, नुसतं लालभडक फुलतं. खाली तरवड. होय, माळरानावरचा तोच तरवड, ज्याला शेळ्याही तोंड लावत नाहीत. पिवळी फुलं, छाटलं की दाट होतं, पाणी विचारत नाही. नर्सरीत मागितलात तर हसतील. शेंगा गोळा करून बी लावा.

करड्या-रुपेरी पानांसाठी ल्युकोफायलम. पाऊस आला की जांभळी फुलं अंगभर येतात, लॅव्हेंडरची हौस बरीचशी भागते. निचरा मात्र लागतो, त्याला वरंब्यावरच लावा. सुगंधासाठी मरवा आणि दवणा. मरवा तर अस्सल भूमध्य समुद्राकाठचा. दवणा वर्षायू, कार्तिकात लावला की फाल्गुन-चैत्रात घमघमतो, आणि त्याची करडी बारीक पानं खडीच्या कडेला फार शोभतात. या दोघांना बैठकीजवळ लावा, येता-जाता हात लागला पाहिजे.

कुंपणाला मेंदी. बोगनवेल एक तरी हवीच, पण बसण्यापासून दूर, काटे आहेत. ती जितकी कोरडी ठेवाल तितकी फुलते. शोभेचं गवत हवं असेल तर परदेशी कशाला, आपला मारवेल लावा. नान्नजच्या माळरानावरून जाताना दिवाळीच्या सुमारास गवतावर कसं ऊन खेळतं ते पाहिलंय ना?

कण्हेर सुंदर, पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर टाळा. घायपाताची टोकं डोळ्यांच्या उंचीवर येतात, पायवाटेला नको.

शेवंती_जुळे

नात दीड वर्षाची आहे, कण्हेर बाद. आणि द्राक्षाचा मांडव? फोटोतलं तेच तर सगळ्यांना आवडलंय.

बांधावरून

ताई, सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण आपल्या नान्नजचेच, म्हणून द्राक्षाविरुद्ध बोलवत नाही. पण तिकडची वेल हिवाळ्यात झडते आणि उन्हाळ्यात भरते. आपल्याकडे खरड छाटणी एप्रिलात. म्हणजे तुम्हाला सावली हवी त्याच महिन्यात मांडवावर नुसत्या काड्या. छाटणी नाही केली तर वेल नुसती माजते, घड धड येत नाहीत, आणि पावसाळ्यात केवडा रोग आला की फवारे. जेवणाच्या टेबलावर फवारा मारणार का?

मधुमालती लावा. वर्षभर हिरवी, संध्याकाळी वास, आणि एकदा मुळं गेली की आठवड्याला एक पाणी पुरतं.

ॲडलेडवासी

एप्रिल छाटणीचा मुद्दा माझ्या ध्यानीही आला नसता. इथे वेलीची सावली ऋतूप्रमाणे आपोआप येते-जाते म्हणून तो मांडव जमतो. नुसतं चित्र उचललं की असं होतं.

इतिहासाचे_पान

थोडं अवांतर. ज्याला आपण स्पेनची बाग म्हणतो तिच्यामागे इराणची चारबाग आहे. भिंतीआडचं अंगण, मधून जाणारा अरुंद पाट, कडेला फळझाडं. तीच कल्पना पश्चिमेकडे ग्रानादाच्या अल्हाम्ब्रापर्यंत गेली आणि इकडे दख्खनेत आदिलशाहीपर्यंत आली. विजापूर सोलापूरहून शंभर किलोमीटर. तिथले पाण्याचे मनोरे आणि जमिनीखालचे नळ बघा, कोरड्या मुलखात पाणी किती जपून फिरवलं आहे. नळदुर्गचा पाणीमहाल तर त्याहूनही जवळ.

आणि बाहेर बसण्याची सोय आपल्या वाड्यांत होतीच की. चौक, भोवती पडवी, कोपऱ्यात तुळस, वर माळवद. जाड भिंती, चौकात दुपारनंतर सावली. शेवंतीताईंनी स्पेनचे फोटो बाजूला ठेवून जुन्या सोलापुरातला एखादा उभा वाडा पाहून यावं, मापं तिथेच मिळतील.

भुईकोट

अवांतर अजिबात नाही. पूर्वेच्या जागेला तीन बाजूंनी आडोसा दिला तर तो चौकच होतो. पाच फुटांची जाळीदार विटांची भिंत घाला, भरीव नको, नाहीतर वारा अडून कोंडतं. मोठी छत्रीही घेऊ नका. एप्रिलातल्या वावटळीत ती शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडते.

कारंज्याऐवजी एक दगडी डोणी ठेवा. बसायच्या वेळी भरायची, सकाळी झाडाला ओतायची. पाणी साचतच नाही, म्हणून डासांचा प्रश्न नाही. कायम भरलेली हवी असेल तर गप्पी मासे सोडा.

खडूस_आजोबा

एवढा खटाटोप करून खडीवर बसणार? मे महिन्यात रात्री दहाला खडीवर अनवाणी चालून दाखवा, मग बोलू.

भुईकोट

आजोबा, मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, ती दिवसभर ऊन पिते. म्हणून बैठकीला लागून खडी नकोच, तिथे फरशी आणि सावली. खडी फक्त झाडांच्या पायाशी, पायवाटेत, आणि शक्यतो फिकट रंगाची. खाली प्लास्टिक अंथरू नका. काळ्या मातीचा श्वास कोंडतो आणि लव्हाळा तरीही वर येतो.

पानफूल

इंग्लंडच्या पूर्वेला एसेक्समध्ये बेथ चॅटो यांनी १९९१-९२ च्या सुमारास गाड्या लावायच्या जागेवर खडीची बाग केली. तिला पाणी द्यायचंच नाही, हा नियम. तिथला पाऊसही वर्षाला ५०० मिमीच्या घरात. पण त्यांचा उन्हाळा आपल्या डिसेंबरसारखा. खडी त्यांना शोभते. मी तर म्हणते आपण पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, अंथरावं.

बांधावरून

आता कसं बोललात. उसाचं पाचट आपल्या जिल्ह्यात पोत्याने. चार बोटं जाड थर दिला की जमीन निम्म्याने कमी तापते असं म्हणणार नाही, मोजलेलं नाही, पण हात घालून बघा, मेमध्येही खाली ओल लागते. पुढच्या पावसात कुजून खत होतं. फोटोत दिसायला खडी भारी, झाडाला विचाराल तर पाचट.

भुईकोट

तोडगा: पुढे पूर्वेला, जिथे नजर जाते तिथे बारीक फिकट खडी. मागे पश्चिमेला पाचट.

कडकभाकरी

एक राहिलं. फोटोत असतो तसला पिझ्झाचा ओव्हन बांधू नका. पूर्वेच्या कोपऱ्यात फरशी न घालता तीन बाय तीन फूट माती मोकळी सोडा. जानेवारीत तिथे हुरड्याची आगटी. गोवऱ्या, कोवळी कणसं, शेंगाची चटणी, गूळ. सोलापुरात बाहेर बसायचा खरा महिना तो, आणि त्याला कुठल्याही वेलीची सावली लागत नाही.

इतिहासाचे_पान

या प्रतिसादाला +१००.

शेवंती_जुळे

सगळ्यांचे मनापासून आभार. सून शेजारी बसून वाचते आहे. लॅव्हेंडर गेल्याचं तिला थोडं वाईट वाटलं, पण दवणा-मरव्यावर समाधान मानलंय. हट्टाने एक रोझमेरी कुंडीत लावणार आहे.

ठरलेलं सांगते. पूर्वेला शहाबादी फरशी, खाली मुरूम, जाळीची भिंत, मधुमालतीचा मांडव, डोणी आणि आगटीचा कोपरा. हे सगळं मेच्या आत. निघालेली काळी माती मागे वरंब्यांना. ५,००० लिटरची टाकी आणि शोषखड्डा पहिल्या पावसाआधी. झाडं मात्र मृगात चांगली ओल झाल्यावर: करंज, चार डाळिंबं, ल्युकोफायलम, मेंदी. तरवडाचं बी नणंदेच्या शेतावरून आणते. दवणा दिवाळीनंतर. ठिबक पहिली दोन वर्षं.

एकच शंका. पाचटाने वाळवी येणार नाही ना? दरवाजांच्या चौकटी सागवानी आहेत.

बांधावरून

भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा आणि त्या पट्ट्यात खडी टाका, तिथे तरी खडीचा उपयोग होईल. पाचटावर शेणकाला शिंपडून ओलं करा, लवकर कुजतं. कोरडं राहिलेल्या पाचटात वाळवी शिरते. महिन्यातून एकदा काठीने उचलून बघत जा.

शेवंती_जुळे

आणि पाचट आणायचं कुठून? एवढ्याशा जागेसाठी कोण देणार?

बांधावरून

विकत घेऊ नका. गळीत संपत आलंय, ज्याचा ऊस आत्ता तुटलाय त्याच्या फडात ढीग पडलेत. लोक काडी लावून मोकळे होतात, त्यापेक्षा तुम्ही न्या. टेम्पोचं भाडं आणि भरणाऱ्या दोन माणसांचा चहा, एवढाच खर्च. फक्त लवकर बघा, पंधरा दिवसांत पेटवून टाकतील.